नोकरी सोडून शिकायला गेलात, तरी मुलांची पोटगी थांबत नाही. आधी कोर्टात अर्ज करा

कोर्टानं मुलांना दरमहा पोटगी देण्याचा आदेश केलेला आहे. वडील कंपनीत कामाला होते तोपर्यंत पैसे वेळेवर जात होते. आता त्यांनी नोकरी सोडून बी.एड.ला किंवा आयटीआयला पूर्णवेळ प्रवेश घेतला, किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात खोली केली. पगार बंद झाला. मग पोटगीही बंद होते का?

उत्तर सरळ आहे : नाही. कोर्ट आदेश बदलत नाही तोपर्यंत ठरलेली रक्कम दर महिन्याला द्यावीच लागते. कमी द्यायची असेल, काही काळापुरती सवलत हवी असेल, तर त्यासाठी कायद्यात रस्ता आहे. पण तो रस्ता कोर्टातून जातो. न सांगता पैसे बंद करणारे बहुतेक जण थकबाकी आणि वॉरंटमध्ये अडकतात, आणि इकडे मुलांची शाळेची फी तटते.

शिक्षण घेणाऱ्या पालकानं काय करायचं आणि मुलं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी काय करायचं, ते सविस्तर पाहू.

आधी कायदा समजून घ्या

मुलांच्या पोटगीचे बहुतेक अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली होत. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यात हेच कलम 144 झालं. रक्कम वाढवण्या-घटवण्याचं जुनं कलम 127 आता कलम 146 आहे. तुमच्या जुन्या आदेशावर 125 लिहिलेलं असेल तर घाबरू नका, तो आदेश रद्द झालेला नाही.

हे कलम सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. आईवडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो, 18 वर्षांखालच्या मुलाला यातून पोटगी मागता येते. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचा सांभाळ करू न शकणाऱ्या मुलाला 18 नंतरही हा हक्क राहतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956 च्या कलम 20 नुसार अविवाहित मुलीला तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागवता येत नसेल, तर वय 18 झालं तरी पालकांची जबाबदारी संपत नाही.

आणखी एक गोष्ट. पोटगी नवरा-बायकोच्या भांडणाचा दंड नाही. मुलांच्या पोटगीवर हक्क मुलांचा असतो. म्हणून 'ती मुलांना भेटू देत नाही, मी पैसे देणार नाही' हे कोर्टात चालत नाही. मुलांना भेटण्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. तो जरूर करा, पण पोटगी रोखून नाही.

'पगारच नाही तर देऊ कुठून?'

तारखेला हे वाक्य हमखास ऐकू येतं. कायद्यात 'पुरेसं साधन असलेली व्यक्ती' असे शब्द आहेत. त्यामुळे अनेकांना वाटतं, पगार गेला म्हणजे साधन गेलं. कोर्ट तसं बघत नाही. धडधाकट माणसाची कमावण्याची ताकद हेही साधनच धरलं जातं. अंजू गर्ग विरुद्ध दीपक कुमार गर्ग या 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की शरीरानं सक्षम असलेल्या पतीनं अंगमेहनत करूनही बायकामुलांचा सांभाळ केला पाहिजे. कायद्यात सांगितलेल्या कारणांशिवाय त्याला यातून सुटका नाही.

त्याआधी 2020 मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या कोर्टांसाठी पोटगीबाबत सूचना दिल्या. त्यांतल्या तीन सामान्य माणसाच्या कामाच्या आहेत. एक, दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता, खर्च आणि कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं. दोन, पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची. तीन, माझ्याकडे साधन नाही असं जो म्हणतो, त्यानं ते पुराव्यानं दाखवायचं.

शेतीवाल्या माणसानं शपथपत्राचा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. पगार बंद झाला, पण सातबाऱ्यावर नाव आहे, ऊस कारखान्याला जातो, दूध डेअरीला जातं, घरासमोरच्या दोन गाळ्यांचं भाडं येतं. हे सगळं शपथपत्रात लिहावं लागतं. पोटगीची केस चालू असताना घाईघाईनं भावाच्या नावे बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र केलं, तर समोरचा वकील त्याची नक्कल काढून कोर्टापुढे ठेवतोच. मग शिक्षणाचं खरं कारणही खोटं वाटायला लागतं.

शिक्षण खरं की निमित्त?

शिकायला कोणीच मनाई करत नाही. लग्न मोडलं म्हणून माणसानं पुढं जायचंच नाही असं कायदा म्हणत नाही. उलट, शिकून चांगली नोकरी लागली तर उद्या मुलांचंच भलं आहे. प्रश्न एवढाच, की ती दोन-तीन वर्षं मुलांनी काय खायचं?

म्हणून शिक्षणाचं कारण पुढं आलं की कोर्टाला साहजिकच काही प्रश्न पडतात.

नोकरी कधी सोडली? पोटगीचा अर्ज किंवा आदेश झाल्यावर लगेच सोडली असेल तर संशय येतो.

अभ्यासक्रम कुठला, किती वर्षांचा? आयटीआयचे ट्रेड एक किंवा दोन वर्षांचे असतात, बी.एड. दोन वर्षांचं, जीएनएम नर्सिंग तीन वर्षांचं. मुदत ठरलेली असेल आणि शेवटी कामाची शक्यता दिसत असेल, तर म्हणण्याला वजन येतं.

स्वतःची फी कुठून भरता? वर्षाची फी, खोलीभाडं, मेस, मोटारसायकलचा हप्ता हे सगळं भागतं आणि मुलांचेच पैसे तेवढे भागत नाहीत, असं चित्र दिसलं तर अर्ज टिकणं अवघड.

नोकरी सांभाळून शिकता आलं नसतं का? नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखी सोय राज्यात आहे. सरकारी नोकरीत नियमांत बसत असेल तर अध्ययन रजा मिळू शकते. हे पर्याय का चालले नाहीत, ते सांगायची तयारी ठेवावी.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं प्रकरण आणखी नाजूक आहे. घरी किंवा अभ्यासिकेत बसून तयारी करणाऱ्याकडे दाखवायला प्रवेशाची पावती नसते, हजेरी नसते, शेवटची तारीखही नसते. 'पोस्ट निघाली की देतो' यावर मुलांचा महिन्याचा किराणा भरत नाही. अशा वेळी अर्धवेळ काम धरून तयारी करणं हाच शहाणपणा.

नोकरी सोडण्याआधी हे करा

कलम 146 म्हणतं, पोटगी देणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची परिस्थिती बदलल्याचं सिद्ध झालं, तर दंडाधिकारी रकमेत योग्य तो बदल करू शकतात. हा अर्ज शक्यतो राजीनाम्याआधी किंवा प्रवेश निश्चित होताच करा. थकबाकी साचल्यावर केलेला अर्ज बचावासारखा दिसतो. शिवाय आधी थकलेली रक्कम नुसता अर्ज केल्यानं माफ होत नाही.

आदेश ज्या कोर्टानं केला, सर्वसाधारणपणे तिथंच अर्ज द्यायचा. तालुक्यात हे काम प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं चालतं. जिथं कौटुंबिक न्यायालय आहे तिथं त्या न्यायालयात. पोटगी हिंदू विवाह कायद्याच्या किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या केसमध्ये ठरली असेल, तर त्या कायद्यांतही बदल मागायची तरतूद आहे. आपला आदेश कोणत्या कलमाखाली झाला, हे नकलेवर पाहून वकिलाला दाखवा.

अर्जासोबत हे कागद जोडा :

- पोटगीच्या आदेशाची नक्कल
- आजवर भरलेल्या पोटगीचा पुरावा : बँक पासबुक, ऑनलाइन व्यवहाराची नोंद, कोर्टात भरल्याच्या पावत्या
- प्रवेशाचं पत्र, फीची पावती, अभ्यासक्रमाची मुदत आणि कॉलेजची वेळ दाखवणारा कागद
- शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, राजीनामा किंवा कार्यमुक्तीचं पत्र
- शिष्यवृत्ती, विद्यावेतन किंवा शैक्षणिक कर्ज मिळत असेल तर त्याची कागदपत्रं
- सातबारा, आठ अ, आणि मिळकत-मालमत्तेचं शपथपत्र

अर्जात 'पोटगी रद्द करावी' असं मागण्याऐवजी किती रक्कम देणं जमेल, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, आणि ती कुठून देणार, हे स्पष्ट लिहा. शिक्षण संपल्यावर जुनी रक्कम पुन्हा सुरू करायची तयारीही लिहून द्या.

अर्ज दाखल केला म्हणजे सवलत मिळाली असं नाही. निकाल लागेपर्यंत जुनीच रक्कम देणं लागतं. पूर्ण जमत नसेल तरी जमेल तेवढी दर महिन्याला भरत राहा. उरलेली बाकी राहते हे खरं, पण नियमित भरणारा आणि हात झटकून बसलेला यांत कोर्ट फरक करतं.

एक हिशेब मांडून बघा

समजा, एका वडिलांना महिन्याला 18,000 रुपये पगार आहे आणि दोन मुलांची मिळून 5,000 रुपये पोटगी ठरली आहे. त्यांना दोन वर्षांचं बी.एड. करायचं आहे. दोन वर्षांचे 24 महिने, म्हणजे 1,20,000 रुपये पोटगी.

काहीच न देता दोन वर्षं काढली तर शिक्षण संपेल त्या दिवशी डोक्यावर 1,20,000 रुपये थकबाकी असेल. नोकरी लागायच्या आधीच.

आता दुसरा मार्ग. प्रवेश एक वर्ष पुढं ढकलला आणि त्या वर्षात महिन्याला 5,000 प्रमाणे 60,000 रुपये बाजूला टाकले. ते 24 महिन्यांत वाटले तर दरमहा 2,500 रुपये होतात. उरलेले 2,500 सकाळ-संध्याकाळच्या शिकवण्या, दुकानातलं अर्धवेळ काम किंवा सुट्टीतली शेतमजुरी यांतून उभे करायचे. अनेक कॉलेजांत 'कमवा आणि शिका' योजनाही असते. असं झालं तर रक्कम घटवायचा अर्जसुद्धा करावा लागणार नाही.

अगदीच जमत नसेल तर 'दोन वर्षं 5,000 ऐवजी 3,500 द्यायची परवानगी द्यावी, त्यातले 2,500 बचतीतून आणि 1,000 अर्धवेळ कामातून देईन' असा अर्ज करता येतो. कोर्ट ते मान्य करेलच असं नाही. पण हातात हिशेब असलेला अर्ज आणि 'माझ्याकडे काही नाही' असा अर्ज, दोन्ही एका मापानं मोजले जात नाहीत.

बैठकीत ठरलं, स्टॅम्पवर लिहिलं, पुढं काय?

गावाकडे बऱ्याचदा दोन्हीकडची मंडळी बसतात, 'शिकतोय तोवर निम्मे दे' असं ठरतं, फार तर नोटरी केली जाते. हेतू चांगला असतो. पण कोर्टाचा आदेश अशा कागदानं बदलत नाही. वर्षानं मनं फिरली तर पूर्ण रकमेचा वसुली अर्ज दाखल होऊ शकतो.

म्हणून आपसात ठरलं असेल तर दोघांनी सही करून तडजोड पुरसीस कोर्टात दाखल करा आणि त्यावर आदेश घ्या. लोकअदालतीतही अशी तडजोड करता येते.

पैसे देतानाही शिस्त हवी. रोख देऊ नका. खात्यावर पाठवा आणि व्यवहारात महिन्याचं नाव लिहा. दिवाळीला कपडे घेतले, मुलाला मोबाईल दिला, तर ती आपली हौस. ती पोटगीतून स्वतःच वजा करायची नाही. शाळेची फी थेट भरायची असेल तर ती पोटगीत धरायची का, हे आधी लेखी ठरवून कोर्टापुढं ठेवा.

थकवली तर काय होतं?

पुरेशा कारणाशिवाय पोटगी थकवली, तर कोर्ट रकमेच्या वसुलीसाठी वॉरंट काढू शकतं. तरीही पैसे आले नाहीत, तर न भरलेल्या महिन्याच्या रकमेपोटी एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरले तर तोपर्यंत, कैद होऊ शकते. 'आत जाऊन आलो, हिशेब मिटला' हा समज चुकीचा आहे. कैद हा वसुलीसाठीचा दबाव आहे, कैद भोगून रक्कम फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वीच स्पष्ट केलं आहे.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर कॉलेजच्या परीक्षेच्या दिवसांत पोलीस वॉरंट घेऊन दारात येणं कुणालाच परवडत नाही.

मुलं ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी काय करावं?

बहुतेक घरांत मुलं आईकडे असतात. एखाद्या दिवशी रक्कम कमी करण्याच्या अर्जाची नोटीस येते. ती कपाटात ठेवू नका. तारखेला हजर राहिलं नाही तर तुमचं म्हणणं न ऐकताच निकाल होऊ शकतो.

लेखी म्हणणं द्या. प्रवेशाचे मूळ कागद, कॉलेजमधली हजेरी, शिष्यवृत्तीची माहिती आणि मिळकतीचं शपथपत्र समोरच्याकडून मागा. तुमच्याकडून मुलांच्या खर्चाचा हिशेब द्या : शाळेची फी, वह्या-पुस्तकं, एसटीचा पास, दवाखाना, किराणा, घरभाडं. पावत्या एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवल्या तरी वकिलाचं निम्मं काम होतं.

पोटगी थकली असेल तर वाट बघत बसू नका. कलम 144 खाली वसुलीचं वॉरंट मिळवायचं, तर रक्कम देणं झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'शिकतोय, नोकरी लागली की देईल' म्हणून दोन वर्षं थांबलात तर जुन्या महिन्यांसाठी हा मार्ग बंद होऊ शकतो. दर दोन-तीन महिन्यांनी अर्ज करणं चांगलं.

कोर्टानं रक्कम घटवली तरी आदेशात 'अमुक तारखेपर्यंत' असं लिहून घेण्याचा आग्रह धरा. नाहीतर शिक्षण संपलं, नोकरी लागली, पगार सुरू झाला, आणि मुलांना मात्र घटलेलीच रक्कम, असं होतं. तसं झालंच तर कलम 146 दोन्ही बाजूंना खुलं आहे. समोरच्याचा पगार वाढला, मूल मोठ्या वर्गात गेलं, आजारपणाचा खर्च आला, तर तुम्हीही वाढ मागू शकता.

अजून आदेशच झाला नसेल तर कलम 144 च्या अर्जातच अंतरिम पोटगी मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदाच सांगतो.

आईच शिकायला गेली तर?

मुलं सांभाळून आई नर्सिंग किंवा डी.एड. करत असेल, तर त्या कारणानं मुलांची पोटगी कमी होत नाही. तिचं शिक्षण ही तिची बाब, मुलांचा खर्च आहे तेवढाच राहतो.

मुलं वडिलांकडे असतील आणि आई कमावती असेल, तर तिच्यावरही जबाबदारी येते. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलांच्या सांभाळाची जबाबदारी आई आणि वडील दोघांवर टाकली आहे. दोघं कमावत असतील तर ज्याच्या त्याच्या मिळकतीप्रमाणे वाटा ठरू शकतो. त्यामुळे नोकरी सोडून शिकायला निघालेल्या आईलाही वरचे सगळे नियम लागू : आधी अर्ज, पूर्ण कागद, आणि आदेश बदलेपर्यंत ठरलेली रक्कम.

वकील परवडत नसेल तर

तालुका कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न 3 लाख रुपयांच्या आत असेल तर ही सोय मिळते. म्हणजे नोकरी सोडून शिकणारे वडीलही यात बसू शकतात. फोनवरून माहिती हवी असेल तर 15100 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जाताना आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि कोर्टाचे जुने कागद सोबत ठेवा.

लक्षात ठेवा

- नोकरी सुटली किंवा सोडली तरी पोटगीचा आदेश आपोआप थांबत नाही.
- रक्कम कमी करायची तर कलम 146 खाली अर्ज, तोही शक्यतो नोकरी सोडण्याआधी.
- निकाल लागेपर्यंत भरणं चालू ठेवा, खात्यावरच भरा, नोंद ठेवा.
- बैठकीतला समझोता पुरसीस देऊन कोर्टाच्या आदेशात आणा.
- पोटगी घेणाऱ्यांनी थकबाकीचा वसुली अर्ज एक वर्षाच्या आत करा.
- सवलत मागताना आणि देताना शेवटची तारीख ठरवून घ्या.

प्रत्येक केसचे कागद वेगळे असतात, त्यामुळे पाऊल उचलण्याआधी वकिलाला किंवा विधी सेवा समितीला भेटा. प्रवेशाच्या यादीत नाव लागलं की फी भरायला आपण चार ठिकाणी धावतो. त्याच आठवड्यात एक फेरी तालुका कोर्टातही मारा. कॉलेज दोन वर्षांनी संपेल. त्या दोन वर्षांत मुलगी दुसरीतून चौथीत जाईल, आणि तिचीही फी त्याच जून महिन्यात भरायची असते.